एका जुन्या फोटोवरून माथेरानच्या गाडीचं मॉडेल कसं करावं

रेल्वेचं मॉडेल म्हटलं की बहुतेकांना गोल गोल फिरणारी गाडी आठवते. मीही तिथूनच सुरुवात केली. सहा बाय चार फुटांचा प्लाय आणला, त्यावर रूळ लंबगोलात मांडले, परदेशी इंजिन घेतलं. गाडी फिरायला लागली. दहा मिनिटांनी घरातले आपापल्या कामाला गेले, अर्ध्या तासाने मीही. मग जून आला, प्लायने पोट काढलं, रुळांचे सांधे उघडे पडले आणि सगळा पसारा पलंगाखाली गेला.

तो परत बाहेर आला तो आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या एका फोटोमुळे. पोस्टाच्या पाकिटात सहज मावेल एवढा फोटो. माथेरान स्टेशनात उभं इंजिन, त्याला खेटून आजोबा, शेजारी आजी, आजोबांची धाकटी बहीण आणि एक मुलगा, जो कुणाचा ते आज कुणालाच सांगता येत नाही. मागे पेन्सिलीने लिहिलंय 'माथेरान, मे'. साल नाही. हा फोटो जसाच्या तसा उभा करायचा, असं मी ठरवलं. गाडी फिरवायची नाही, रेल्वेमार्ग बांधायचा नाही. फोटोत दिसतं तेवढंच करायचं. नवख्या माणसाने याच वाटेने जावं असं माझं स्पष्ट मत आहे. जागा ए-३ कागदाएवढी लागते, खर्च आटोक्यात राहतो आणि काम कधी संपलं हे कळतं.

फोटो कोणता घ्यावा

माथेरानचा फोटो मराठी घरांत सापडण्याची शक्यता मोठी. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली आणि त्या काळात तिला सोळा लाख रुपये लागले. तेव्हापासून मे महिन्यात माथेरानला गेलेलं प्रत्येक कुटुंब इंजिनापुढे उभं राहून फोटो काढत आलं आहे. मामा-मावश्यांच्या अल्बममध्ये शोधा. काचेच्या छताच्या विस्टाडोम डब्यासमोरची सेल्फीही चालेल, पण वाफेच्या इंजिनाची सर तिला नाही.

निवडताना तीन गोष्टी बघा. फोटोत निदान एक माणूस इंजिनाच्या किंवा डब्याच्या अगदी जवळ उभा हवा. माप त्याच्यावरून निघतं. रूळ थोडे तरी दिसायला हवेत. आणि इंजिन किंवा डबा एकाच बाजूने दिसत असेल तर उत्तम, कारण मग दुसरी बाजू करायलाच नको. हा आळस नाही. नाटकाच्या सेटलाही मागची बाजू नसते.

फोटो काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. कागद सोलवटतो, त्याच्याबरोबर चेहरेही जातात. पान तसंच खिडकीजवळ ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका आणि फोन बरोबर वर धरून टिपा. सुटा फोटो असेल तर मऊ ब्रशने धूळ झटकून स्कॅन करा. छोट्या प्रिंटला १२०० डीपीआय ठेवा, दुकानदार ३०० पुरे म्हणाला तरी. नंतर तो ए-४ आकारात छापून घ्या. पुढचं सगळं काम या छापील प्रतीवर. मूळ फोटो परत ट्रंकेत.

भिंग घेऊन बसा

निदान दोन संध्याकाळी फक्त बघण्यात घालवा. मला पहिल्या संध्याकाळी दिसलं इंजिन आणि चार माणसं. दुसऱ्या संध्याकाळी दिसलं, की ड्रायव्हरचा कोपर खिडकीबाहेर आहे, पायरीवर किटली ठेवली आहे, आणि मागच्या डब्याच्या टोकाला हातब्रेकपाशी ब्रेकवाला उभा आहे. या गाडीला डब्याडब्यावर ब्रेकवाले असत; इंजिनाच्या शिट्टीवर ते हाताने ब्रेक आवळत आणि सोडत. हा माणूस आपल्या फोटोत आहे हे घरात सत्तर वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

दिसेल ते वहीत लिहा. फोटोच्या प्रतीवर चौकटी आखून घेतल्या तर नजर सुटत नाही.

साल काढायचं कसं

मॉडेलला साल लागतंच असं नाही, पण ते शोधण्यात मजा आहे आणि चुकाही टळतात. दरवर्षी १६ एप्रिल आला की फोनवर 'बोरीबंदर ते ठाणे, पहिली गाडी, १८५३' म्हणून फोटो फिरतात. त्यातल्या एकात मला विजेचे खांब दिसले होते.

एरवी साल काढायचा सोपा मार्ग म्हणजे मागे उभी असलेली मोटार. माथेरानला तो चालत नाही, कारण तिथे मोटारींना बंदीच आहे. मागे घोडा दिसेल, हातरिक्षा दिसेल, आणि घोडा काय १९१० साली आणि १९७० सालीही घोडाच. म्हणून दुसऱ्या खुणा शोधायच्या. फोटो नेरळचा असेल आणि मागे ब्रॉडगेज दिसत असेल तर वर तारा आहेत का बघा. मुंबई-पुणे मार्ग १९३० पर्यंत विजेवर आला, म्हणजे तारा नसतील तर फोटो त्याआधीचा. डब्यावर 'जी.आय.पी.' (मध्य रेल्वेच्या आधीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर सहसा ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा. त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. चहाच्या टपरीवर भाव लिहिलेला असेल तर वाचा: आणे असतील तर एक काळ, नये पैसे असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचा. माथेरानच्या मार्गावर डिझेल इंजिनं पन्नाशीच्या दशकात आली, पण वाफेची इंजिनं त्यांच्या जोडीने पुढेही धावत होती. त्यामुळे वाफेचं इंजिन दिसलं म्हणून फोटो फार जुना, असं समजू नका.

माझं साल शेवटी मिळालं ते आत्याआजीच्या गळ्यामुळे. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही आणि तिचं लग्न १९४९ च्या डिसेंबरात झालं. आजोबांचं लग्न १९४६ चं. मधले तीन मे महिने उरले. रेल्वेच्या पुस्तकात हे सापडलं नसतं.

मापं

इथे लोक घाबरतात, पण त्रैराशिक येत असेल तर पुरे.

आडवी मापं फोटोत फसवतात. तिरकं उभं इंजिन आखूड दिसतं. उभी मापं बरीच प्रामाणिक असतात, अट एवढीच की दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असाव्यात. आमचे आजोबा इंजिनाला टेकलेले आहेत आणि त्यांची उंची पाच फूट सहा इंच होती, म्हणजे १६७६ मिलिमीटर. (ब्रॉडगेजची रुंदीही नेमकी एवढीच. आजोबा आडवे झाले असते तर दोन रुळांत बरोब्बर बसले असते.) छापील प्रतीवर आजोबा ४४ मिलिमीटर भरले आणि त्याच जमिनीपासून धुराड्याचं टोक ६६ मिलिमीटर. ६६ भागिले ४४, गुणिले १६७६, म्हणजे सुमारे २५१४ मिलिमीटर. धुराडं जमिनीपासून अडीच मीटर उंच. अशीच एकेक उभी मापं काढून कागदावर मांडत जा. टोपी, पागोटं, उंच टाचा उंचीत धरू नका.

लांबीसाठी डबे मोजा, खिडक्या मोजा, किंवा नेरळ स्टेशनवर जा. तिथे जुन्या चार इंजिनांपैकी एक, ७३८ नंबरचं, उभं करून ठेवलेलं आहे. त्याचे समोरून, बाजूने असे स्वतः फोटो काढले की जुन्या फोटोतला अर्धा अंधार उजळतो.

आणखी एक माप काढून ठेवा: कॅमेऱ्याची उंची. प्रतीवर दोन्ही रुळांच्या रेषा पट्टीने पुढे वाढवा. त्या जिथे मिळतील त्या बिंदूतून एक आडवी रेष मारा. सपाट जमिनीवर ही रेष प्रत्येक उभ्या माणसाला ज्या उंचीवर कापते, ती कॅमेऱ्याची उंची. माझी रेष आजीच्या कमरेतून गेली. क्षणभर वाटलं, फोटो पोराने काढला असावा. मग लक्षात आलं, त्या काळचा पेटी कॅमेरा पोटाशी धरून वरून डोकावायचं असे. हा आकडा शेवटी लागणार आहे.

प्रमाण आणि रूळ

दोन फुटी गेज म्हणजे ६१० मिलिमीटर. १:७६ या प्रमाणात ती ८ मिलिमीटर होते. बाजारात ९ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ सहज मिळतो. एका मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. ब्रिटनमध्ये छोट्या गेजची मॉडेलं करणारे बरेच जण हीच जोडी वापरतात आणि तिला डबल-ओ-नाइन म्हणतात. या प्रमाणात ए-३ कागद म्हणजे साधारण ३२ मीटर बाय साडेबावीस मीटर जागा. एक इंजिन, दीड डबा, फलाटाचा तुकडा आणि माणसं आरामात बसतात. आजोबा २२ मिलिमीटरचे होतात.

ज्यांना पुढे ब्रॉडगेज करायचंय त्यांच्यासाठी एक गंमत. दुकानात मिळणारा नेहमीचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो. तो युरोपच्या, आपल्याहून अरुंद गेजसाठी आहे, म्हणून त्यावर आपल्या गाड्या १:८७ ने केल्या तर त्या पायघोळ झगा घातल्यासारख्या दिसतात. पण एक फुटाला तीन मिलिमीटर धरा. साडेपाच फूट गुणिले तीन, बरोबर साडेसोळा. आपली ब्रॉडगेज फुकटात अचूक. चालत्या मॉडेलांचा थाट आधी बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून सुरू. मुलांना घेऊन जा, पण येताना गोल ट्रॅकचा हट्ट घेऊन येऊ नका.

एन गेजच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या, फार दाट असतात. एक सोडून एक कापून टाका आणि उरलेले सारख्या अंतरावर सरकवा. एवढ्या एका कामाने खेळण्यातला रूळ डोंगरातला वाटू लागतो. रुळाची चकाकी घालवायला दोन्ही बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या आणि वरचा माथा पॉलिश पेपरने परत घासा.

पाट

पाट एमडीएफचा घ्या किंवा सनबोर्डचे दोन थर चिकटवा. एमडीएफ असेल तर दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना प्रायमर मारा. माझ्या प्लायने पोट काढलं ते याचमुळे. मी वरून रंग दिला आणि खालची बाजू कोरी ठेवली. पावसाळ्यात कोरी बाजू ओल पिते आणि फुगते. आपल्या हवेत हा नियम मोडून चालत नाही.

तुमचा फोटो स्टेशनातला नसून वाटेतला असेल तर चढ बघा. या मार्गावर सर्वांत तीव्र चढ वीसात एक आहे, म्हणजे ४२ सेंटिमीटरच्या पाटावर रूळ २१ मिलिमीटर चढेल. फोटोत तो बहुधा दिसत नाही, कारण फोटो काढणारा कॅमेरा रुळाच्या रेषेत धरतो. मग झाडं आणि माणसं कलंडलेली दिसतात. माणसं सरळ करा, चढ आपोआप उभा राहील.

माथेरानची माती जांभ्याची, तांबडी. तिथून उचलून आणायची गरज नाही. कोकणातल्या कुठल्याही अंगणातली मूठभर चालते. तव्यावर भाजून घ्या म्हणजे किडे राहत नाहीत, आणि चहाच्या गाळणीतून दोनदा चाळा. खडीसाठी बांधकामाची बारीक चुरी. ती रुळात कोरडी पसरा, ब्रशने नीट बसवा, आधी पाण्याचा बारीक फवारा मारा. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबण विसरलात तर थेंब मण्यासारखा वरच बसतो आणि खडी त्याला चिकटून गोळे होतात. रात्रभर हात लावू नका.

झाडांना तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि घोसाळ्याची जाळी. पाचोळ्याला उकळून वाळवलेली चहाची पूड. याहून चांगला पाचोळा विकतही मिळत नाही.

इंजिन

ही इंजिनं जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची, सहा चाकांची. वळणं इतकी आवळ, की पहिला आणि शेवटचा आस थोडा बाजूला सरकू शकेल अशी क्लीन-लिंडनर पद्धतीची योजना त्यांत होती. ती करायची म्हणून चाकांच्या बाहेरून लोखंडी चौकट आली. मॉडेल करणाऱ्याला हा प्रसाद आहे, कारण चाकं चौकटीआड जातात आणि बाहेर दिसतात फक्त क्रँक आणि दांडे. चाकांचे आरे कोरत बसायला नको.

बॉयलरला स्केचपेनची नळी, धुराड्याला जाड रिफिलचा तुकडा, घुमटाला कापून घासलेला मणी. बाजूच्या पाण्याच्या टाक्या आणि केबिन माउंटबोर्डची. वरून पातळ कार्डचा एक थर. रिवेट हवे असतील तर हा थर चिकटवायच्या आधी उलटा ठेवून कंपासच्या बोथट टोकाने एका रेषेत टोचे द्या. पुढून बारीक फोड उठतात. दहा रिवेट झाले की सवय होते, साठ झाले की कंटाळा येतो. फोटोत मोजून जेवढे दिसतात तेवढेच करा. कार्डला शेवटी वॉर्निशचा हात द्यायला विसरू नका, नाहीतर श्रावणात केबिनच्या कडा उकलतात.

रंग

जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखताना एक सापळा आहे. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा जास्त दिसे. त्यामुळे लाल वस्तू काळी येते, निळी फिकट, आणि आकाश कोरा कागद. तांबडी माती फोटोत कोळशासारखी दिसली तर फिल्म त्या जातीची समजा, आणि मग काळ्या दिसणाऱ्या साडीला काळीच ठरवू नका. आजीच्या साडीचं असंच झालं. फोटोत काळी, आणि घरात सगळ्यांना माहीत की ती काळी साडी कधीच नेसली नाही. मी कुंकवाच्या रंगाची केली. फोनवरची आपोआप रंग भरणारी ॲप मात्र या कामी घेऊ नका. ती मातीला तपकिरी आणि बाकी सगळ्याला निळसर करून मोकळी होतात.

रंगांचा घोळ नकोच असेल तर सगळं मॉडेल राखाडीच्या पाच-सहा छटांत रंगवा. बघणारा दचकतो, आणि फोटो काढला की जुन्याशी हुबेहूब जुळतो.

माणसं

१:७५ च्या तयार प्लॅस्टिकच्या बाहुल्या मिळतात, पण त्या सगळ्या पँटी-स्कर्टातल्या. धोतर आणि नऊवारी आपणच नेसवायची. एक पदरी टिश्यू पेपर, त्याची १२ मिलिमीटर रुंद पट्टी, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. बाहुली टाचणीवर रोवा, चिमट्याने पट्टी कमरेशी चिकटवा, पायांमधून मागे न्या आणि सुईच्या टोकाने निऱ्या दाबा. ओली असेपर्यंत तीनेक मिनिटं मिळतात. माझ्या पहिल्या चार आज्यांचा लगदा झाला. पाचवीचा काष्टा नीट बसला, आणि पदर मात्र वाऱ्याने उडाल्यासारखा वाळला. फोटोत तसा नाही, पण तो मी राहू दिला.

शेवटी परत फोटो

मॉडेल खिडकीत ठेवू नका. जुन्या फोटोत सावल्या कुठे पडल्यात बघा आणि त्याच बाजूला, शक्य तितका लांब, एकच टेबललॅम्प लावा. मागे फिकट पांढरा कागद, आकाशासाठी.

आता कॅमेऱ्याची उंची काढून ठेवली होती ती घ्या. आजीच्या कमरेची उंची एक मीटर धरली तर १:७६ ने १३ मिलिमीटर. फोनची लेन्स जमिनीपासून एवढ्याच उंचीवर हवी, आणि ती तर फोनच्या वरच्या टोकाला असते. फोन उलटा करा, डोकं खाली. टेबलावर उभा टेकवून पाटाच्या कडेशी आणा, कड आड येत असेल तर पुस्तकं घालून उंची जुळवा आणि टायमर लावा. बोटाने दाबलंत तर हलतो. पाच-पंचवीस फोटो काढल्यावर एक असा येतो, की क्षणभर आपणही फसतो.

तो निवडून मूळ फोटोच्याच आकारात, पांढरी कड ठेवून छापून घ्या. पाठीवर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, ठळक लिहा: 'मॉडेल, घरी केलेलं' आणि पुढे तारीख, सालासकट. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो ट्रंकेतून काढेल आणि १९४७ चं माथेरान म्हणून सगळ्यांना पाठवून देईल.